नऊ दिवस, ३,८०० मैल आणि ११ मिनिटं: टॉर्नेडोच्या मागावर

मळभ

परवा रात्री दोनला डॅलसला घरी पोचलो. बॉनेटवर गारांचे सतरा खळगे आहेत, आणि मागच्या सीटखाली कुठल्यातरी गॅस स्टेशनवरच्या चिप्सचा चुरा अजून सापडतोय. नऊ दिवस, ३,८०० मैल. टॉर्नेडो डोळ्यांनी पाहिला तो ११ मिनिटं. फोटो टाकल्यापासून जो तो विचारतोय, भीती नाही वाटली? खरं सांगू? कंटाळा आला. भीतीपेक्षा कितीतरी जास्त. तेच लिहावं म्हणून हा धागा.

आम्ही तिघं होतो. गाडी चालवायला मी, रडार आणि नकाशावर माझा मित्र, आणि मागे भाचा, कॉलेजला सुट्टी लागल्या लागल्या 'मामा, मी पण' म्हणून चिकटलेला. निघताना एकच नियम केला: तिघांतल्या एकालाही नको वाटलं तर गाडी वळवायची, कारण विचारायचं नाही. कागदावर फार शहाणपणाचा वाटला होता.

दिवस सुरू होतो मोटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर. वॉफलच्या यंत्रासमोर रांग, आणि रांगेतले निम्मे लोक फोनवर एकच नकाशा बघतायत. नॉर्मन, ओक्लाहोमाच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा त्या दिवसाचा पहिला अंदाज रात्री एकच्या सुमारास येतो, सकाळी आठला सुधारून येतो आणि साडेअकराला पुन्हा. धोक्याच्या पाच पायऱ्या: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. नवख्याला वाटतं जितकी वरची पायरी तितकी चंगळ. आम्हालाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. पण वरच्या पायरीच्या दिवशी वादळं बऱ्याचदा इतकी वेगात पळतात की गाडी मागेच राहते, आणि रस्त्यावर हीऽ गर्दी. आमचे चांगले दिवस बहुतेक स्लाइट नाहीतर एन्हान्स्डचेच निघाले.

मग गाव निवडायचं. यालाच टार्गेट म्हणतात. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट हवा जमिनीलगत असते. तिच्यावर पश्चिमेच्या पठारावरून आलेली गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसते. झाकण फार घट्ट बसलं तर सूर्यास्तापर्यंत निळंशार आकाश. सैल असलं तर दुपारी बारालाच चहूकडे ढग फुटतात आणि नुसता पाऊस. झाकण दुपारी चार-पाचला आणि एखाद्या जागीच उडायला हवं. त्यात खालचा वारा आग्नेयेचा आणि वरचा पश्चिमेचा असला, तर वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरायला लागते. हाच सुपरसेल. एवढं सगळं जमून आलं तरी बहुतेक सुपरसेलमधून टॉर्नेडो पडत नाही, हे घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड.

अकराला निघायचं, अडीचशे मैल हाणायचे, तीनला टार्गेटवर, आणि बसायचं. चिल्ड्रेस, वुडवर्ड, डॉज सिटी, गुडलंड. धान्याचं उंच कोठार, पाण्याची टाकी, एक गॅस स्टेशन. भाच्याने पहिल्या दिवशी वीस मिनिटांत विचारलं, "मामा, आता?" आता काही नाही. ढग बघायचे. फुलकोबीसारखा एखादा गड्डा वर सरकतो, आपण उठून उभे राहतो, तो तिथेच विरतो. परत बसायचं. पहिल्या चार दिवसांत तीन बस्ट, म्हणजे गेलो, बसलो, परत आलो.

रात्री वेगळीच तऱ्हा. दहाला वादळ सोडायचं, त्या भागातल्या सगळ्याच चेझरना, म्हणजे आमच्यासारख्या वादळाचा पाठलाग करणाऱ्यांना, त्याच वेळी झोप आलेली असते आणि गावात मोटेल दोन. एकदा साडेबाराला खोली मिळाली, ती ९० मैलांवर. जेवण गॅस स्टेशनचं, तेही गरम कपाट बंद व्हायच्या आत पोचलात तर. मी शाकाहारी आहे. नऊ दिवसांत टॉर्टिया आणि पीनट बटर इतकं खाल्लं की आता बरणीकडे बघवत नाही.

आता सहावा दिवस. टेक्सासचा पॅनहँडल, म्हणजे राज्याचा वर उत्तरेला घुसलेला चौकोनी भाग, कॅनेडियन नदीच्या दक्षिणेला. नदीवर पूल मोजके, हे आधीपासून माहीत होतं. एक सुपरसेल नदीच्या अंगावर आला, भरपूर पावसाचा, म्हणजे पोटात टॉर्नेडो असला तरी पडद्याआड. दिसायचा असेल तर उत्तरेच्या बाजूने दिसणार. आम्ही दक्षिणेला. उत्तरेला जायचा एकच रस्ता, तो नेमका गारांच्या सड्यातून जाणारा. मित्र म्हणाला, सात मिनिटांत आरपार होतो. रडारवर ते खरंही वाटत होतं. मी म्हणालो, नको.

नियम होता, त्यामुळे त्याने कारण विचारलं नाही. पण दुसरं काहीही बोलला नाही, सव्वाशे मैल. तेवढ्यात उत्तरेकडच्या लोकांचे फोटो यायला लागले: उन्हात न्हालेला, बारीक, पांढराशुभ्र, दोरीसारखा टॉर्नेडो. भाचा मागून हळूच फोटो दाखवायचा आणि फोन पटकन आत घ्यायचा. त्या रात्री मोटेलमध्ये तिघांत मिळून दहा वाक्यंसुद्धा बोलली गेली नसतील.

आठव्या दिवशी वायव्य कॅन्ससमध्ये मिळाला. साडेचार-पाच मैलांवर, मोकळ्या शेतांवर. आमची गाडी कडेला, हझार्ड लाइट चालू. वारा पाठीकडून, उबदार, वादळाच्या दिशेने ओढला जाणारा. गव्हाची सगळी शेतं तिकडे वाकलेली. गडगडाट वगैरे काही नाही. कुंपणाच्या खांबावर मेडोलार्क पक्षी गात होता, त्याला कशाचं काही नव्हतं. ११ मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यात माणसाचा आवाज एकही नाही, फक्त हझार्ड लाइटची टिकटिक.

बाकी विचारा, सांगतो.

निवांत

मस्त लिहिलंयत. टिकटिक वाचून अंगावर काटा आला. फोटो इथेही टाका की.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे स्वतःच्या पैशाने पेट्रोल जाळून मरणाच्या दारात जायचं, आणि दार बंद दिसलं म्हणून सव्वाशे मैल रुसायचं. धन्य आहे. चक्रीवादळ लोक टाळतात हो, त्याच्यामागे धावत नाहीत.

दवबिंदू

चक्रीवादळ नव्हे, टॉर्नेडो. वर्तमानपत्रांनी दोन्हींची इतकी खिचडी केलीये की सांगून सोय नाही. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, कित्येक दिवस जगतं. टॉर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून येतो, रुंदी बहुधा काही शे मीटरच्या आतच, आयुष्य मिनिटांचं. आणि कुणी 'वावटळ' सुचवायच्या आत सांगतो, तेही नको. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढग लागत नाही.

मळभ, 'बहुतेक सुपरसेलमधून पडत नाही' हे लिहिलंत ते फार बरं झालं.

बकुळ

लेख आवडला. माझे प्रश्न जमिनीवरचे आहेत. बाथरूमचं काय करता? दोघी मैत्रिणी जायचं म्हणतोय, त्यातली एक मी. आणि भाड्याची गाडी चालेल का?

मळभ

@बकुळ, चांगला प्रश्न, कुणी लिहीत नाही यावर. नियम असा: टाकी अर्धी झाली की भरायची आणि थांबलोच आहोत तर गरज असो नसो, जाऊन यायचं. ढग फुटल्यावर पुढचे तीन तास संधी नाही. पश्चिम कॅन्सस आणि नेब्रास्कात ४०-५० मैल काहीच लागत नाही, आणि झाड म्हणाल तर तेही नाही. शेवटच्या उपायासाठी छत्री आणि गाडीची दोन दारं, एवढ्यावर भागवणाऱ्या बायका भेटल्या आहेत.

भाड्याच्या गाडीबद्दल: करार नीट वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर न्यायची मनाई असते आणि इकडे निम्मे रस्ते कच्चेच. शिवाय गारांचं नुकसान कशात बसतं ते आधी विचारा. स्वतःच्या गाडीवर काँप्रिहेन्सिव्ह विमा असेल तर गारा त्यात येतात, पण डिडक्टिबल, म्हणजे आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम, खिशातून जातं. माझं जाणार आहे, सतरा खळग्यांचं.

कच्च्या रस्त्यांचं आणखी एक. नकाशावर छान चौकटी दिसतात, दर मैलाला एक रस्ता. यातला खडीचा कुठला आणि मातीचा कुठला हे नकाशा सांगत नाही. ओल्या लाल मातीवर गाडी साबणावरून घसरावी तशी जाते. आम्ही तिसऱ्या दिवशी अशाच एका रस्त्यावर चाळीस मिनिटं अडकलो. वादळ लांब निघून गेलं होतं म्हणून आता हसतोय.

ओकेसीकर

बरेच दिवस इथे नुसता वाचतो, आज लिहावं लागतंय.

मी ओक्लाहोमा सिटीला लागून असलेल्या मूरमध्ये राहतो. २० मे २०१३ ला इथे टॉर्नेडो आला, तेव्हा इथेच होतो. २४ माणसं गेली, त्यात एका शाळेतली सात मुलं. आमच्या घराला काही झालं नाही, तीन गल्ल्या सोडून पुढे काहीच उरलं नाही. त्यानंतर अकराच दिवसांनी, ३१ मेला जवळच्याच एल रिनो गावाचा टॉर्नेडो आला. आधीचं इतकं ताजं होतं की लोक घरात थांबेनात, गाड्या काढून निघाले. हायवे तुंबले. मीही त्या तुंबलेल्यांत होतो, बायको आणि दोन मुलं गाडीत. मागे आकाश काळं, पुढे ब्रेक लाइटची रांग.

तेव्हापासून मे महिन्यात कॅमेरे लावलेली गाडी दिसली की माझं डोकं फिरतं. तुम्ही ज्याला टार्गेट म्हणता तिथे कुणीतरी राहतं. 'मिळाला' म्हणता तेव्हा तो कुणाच्यातरी शेतावरून जात असतो. लेख चांगला आहे, नाही म्हणत नाही. शब्द मात्र टोचले.

उंटावरचा_शहाणा

+१. हेच म्हणायचं होतं, मला सभ्यपणे जमलं नाही.

मळभ

@ओकेसीकर, काल रात्री वाचलं आणि लगेच उत्तर सुचलं नाही.

'मिळाला' हा शब्द चेझरांच्या बोलण्यातला आहे आणि मी तो विचार न करता वापरला. आमचा मोकळ्या शेतांवर होता हे खरं, पण तो तसा असणार हे आम्हाला तीनला माहीत नव्हतं. टार्गेट निवडताना गाव रिकामं आहे का, हे कुणी बघत नाही, मीही बघितलं नाही. यावर माझ्याकडे बचाव नाही.

गर्दीचं सांगतो. आठव्या दिवशी त्या वादळामागे एका दोनपदरी रस्त्यावर मी साठ गाड्या मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. काही जण रस्त्याच्या मधोमध उतरून उभे. मागून अँब्युलन्स आली असती तर? त्यातली एक गाडी माझीही होतीच, कडेला असली तरी.

दवबिंदू

दोघांच्याही मध्ये पडतो, दोन गोष्टी सांगून.

एक. रडारला जमीन दिसत नाही. किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे ६० मैलांवर सगळ्यात खालचा किरणसुद्धा सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. ढग फिरतोय हे कळतं. खाली टेकलाय की नाही ते डोळ्यांनीच बघावं लागतं. यासाठी स्कायवॉर्न या अमेरिकी हवामान सेवेच्या उपक्रमाचे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि नीट काम करणारे चेझरही फोन करून कळवतात. त्या फोनचा इशाऱ्यांना उपयोग होतो. पण साठ गाड्यांमधले किती जण फोन करतात, हा प्रश्न ओकेसीकरांनी विचारला तर माझ्याकडेही उत्तर नाही. पहिल्या दोन फोननंतरचे अठ्ठावन्न प्रेक्षकच.

दुसरं, एल रिनोबद्दल. तो मोजलेल्यांत सर्वांत रुंद टॉर्नेडो, २.६ मैल. काही मिनिटांत फुगला, वळला, वेग वाढवला. त्यात टॉर्नेडोचे अभ्यासक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. समारास म्हणजे धाडसी पोरगा नव्हता. २००३ मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांनी टॉर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्राने हवेच्या दाबात १०० मिलिबारची घट नोंदवली होती. या कामात त्यांच्याइतकं सावध कुणी नाही असं सगळे मानत. म्हणून मळभ यांचा सहाव्या दिवशीचा 'नको' मला अख्ख्या लेखातली सर्वांत मोठी गोष्ट वाटली. 'सात मिनिटांत आरपार' हे गणित रडारच्या जुन्या चित्रावर केलेलं असतं. चित्र फोनवर येईपर्यंत चार-पाच मिनिटं सहज उलटलेली असतात. म्हणजे सातातली पाच आधीच संपली होती.

निवांत

मी दोन वर्षांपूर्वी टूरबरोबर गेलो होतो, बकुळ यांच्यासाठी लिहितो. व्हॅनमध्ये सात-आठ जण, चालक वेगळा, अंदाज बघणारा वेगळा. दिसेलच अशी हमी कुणी देत नाही, आणि देत असेल तर त्याच्याकडे जाऊच नका. आम्हाला टॉर्नेडो दिसला नाही. पण एका संध्याकाळी ढगाच्या पसरलेल्या माथ्याखाली पोटं लटकल्यासारखे मॅमाटस ढग दिसले, खालून नारिंगी ऊन. मी तेवढ्यासाठी परत जाईन.

वादळ नसलेल्या दिवसाला डाउन डे म्हणतात. आम्ही कॅन्ससच्या ग्रीन्सबर्गला गेलो. ४ मे २००७ च्या रात्री ते गाव जवळजवळ संपलं होतं, ९५ टक्के. ईएफ-५ हा सर्वांत वरचा दर्जा मिळालेला तो पहिला टॉर्नेडो. हाताने खणलेली १०९ फुटी विहीर आहे, तिच्यावर आता संग्रहालय. व्हॅनमध्ये सकाळपर्यंत 'आज काहीच नाही' म्हणून कुरकुर चालली होती. तिथून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत कुणी कुरकुरलं नाही.

बकुळ

धन्यवाद निवांत, मळभ. छत्रीची युक्ती लिहून घेतली. :)

एक विचारू? मित्र बोलायला लागला का?

मळभ

@बकुळ, लागला. आठव्या दिवशी नाही हं, सातव्या सकाळीच. वॉफलच्या रांगेत उभा असताना म्हणाला, "रस्ता अर्ध्यात बंद होता." रात्री त्याने नकाशा परत काढून बघितला होता. नदीअलीकडे पाणी चढलं होतं, दोन चेझरांनी तिथूनच गाड्या वळवल्याचं लिहिलं होतं. वळवायला त्यांना जागा आणि वेळ होता. आम्ही त्यांच्या दहा मिनिटं मागे असतो. एवढंच बोलला आणि सिरप मागितलं. मी काही म्हणालो नाही. खरं तर मी 'नको' म्हटलं तेव्हा पाण्याचा विचारही केला नव्हता. मला नुसतं नको वाटलं होतं.

@उंटावरचा_शहाणा, मरणाचं दार वादळात कमी आणि रस्त्यावर जास्त. मार्च २०१७ मध्ये टेक्सासच्या स्परजवळ चेझरांच्या दोन गाड्या एका चौकात आदळल्या, तिघं गेले. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी कॅन्ससहून परतत होते; आय-३५ हायवेवर पावसाच्या पाण्यावर गाडी घसरली आणि मागून ट्रक आला. वादळ संपलेलं होतं, पोरं घरी चालली होती. आमचा सगळ्यात वाईट प्रसंग विचाराल तर शेवटच्या रात्रीचा. मध्यरात्र उलटली होती, पाऊस, डोळे जड, आणि हेडलाइटमध्ये अचानक हरीण. वाचलो. त्यानंतर शेवटचे ८० मैल भाचा गाणी म्हणत बसला, मला जागं ठेवायला. बेसूर. खरं तर तिथेच खोली घ्यायला हवी होती.

उंटावरचा_शहाणा

बरं. गारांचे खळगे काढायला किती खर्च येतो ते तरी सांगा, आमच्या गाडीला मेमध्ये घरबसल्याच पडलेत.

मळभ

हाहा. रंग उडाला नसेल तर आतून ठोकून काढणारे असतात, रंगकामाशिवाय होतं. आधी विमावाल्याला फोटो पाठवा, मग हात लावा.

ओकेसीकर

मळभ, उत्तर वाचलं. माझा राग तुमच्या एकट्यावर नव्हता.

मुलगी आता सोळा वर्षांची आहे. २०१३ मधल्या त्या गाडीत मागच्या सीटवर होती. परवा तिने मला न विचारता स्कायवॉर्नच्या वर्गाला नाव दिलं. तुमचा धागा तिला दाखवला, ती विचारतेय की साडेचार मैलांवरून टॉर्नेडो जमिनीला टेकलाय हे कसं ओळखायचं, मध्ये टेकाड असेल तर. मला सांगता येईना.

आमच्याकडे तळघर नाही, गॅरेजच्या जमिनीत बसवलेलं शेल्टर आहे, सहा जणांचं. आम्ही चौघं. मेमध्ये या बाजूला आलात आणि अडकलात तर दोन जागा आहेत. तुम्ही तिघं आहात हे लक्षात आहे, भाचा बारीक असेल तर बसेल. गाडी मात्र ड्राइव्हवेत लावायची, रस्त्यावर नाही.

दवबिंदू

मुलीला सांगा, ढगाची शेपटी टेकली नाही म्हणून टॉर्नेडो नाही, असं नसतं. खाली जमिनीवर धूळ आणि कचरा गोल फिरतोय का ते बघायचं, मधला भाग रिकामा दिसला तरी चालतो. आणि टेकाड मध्ये असेल तर कळवताना तसंच सांगायचं: फिरतोय, जमीन दिसत नाही. अंदाजाने टेकवायचा नाही. वर्गात हे पहिल्या तासाला शिकवतील.

मळभ

@ओकेसीकर, भाचा सहा फूट एक इंच आहे. दुमडून बसेन म्हणतोय.